कांद्यावर बोला

इथे मी शक्यतो राजकारणावर लिहीत नाही. एक तर शनिवारी लिहून सोमवारी सकाळी त्याच लोकांबरोबर स्टँडअपला उभं राहायचं असतं, आणि आमच्या टीममध्ये सगळ्या पक्षांचे प्रवक्ते बिनपगारी काम करतात. पण आज कांद्यावर लिहायचं आहे. कांदा चिरायला घेतला की कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत पाणी येणारच, हे धरून चालूया.

निमित्त झालं कँटीनमधल्या एका वाक्याचं. "लोक कांद्याच्या भावावर मत देतात ना, म्हणून या देशाचं काही होत नाही." बोलणारा हुशार मुलगा आहे, कोड छान लिहितो. टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या ताटलीत मिसळीबरोबर चिरलेला कांदा होता आणि तो कितीला येतो हे त्या टेबलावर एकालाही माहीत नसणार, अशी मला दाट शंका आहे. सगळा किराणा ॲपवरून येतो. दहा मिनिटांत.

तर प्रश्न असा की, कांद्याच्या भावावर मत देणं खरंच इतकं अडाणीपणाचं आहे का?

आधी थोडा इतिहास. १९८० सालची लोकसभा निवडणूक 'कांद्याची निवडणूक' म्हणून ओळखली जाते. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये मोठ्या आशेने आलेलं जनता पक्षाचं सरकार १९७९ मध्ये आपापसातल्या भांडणांनी कोसळलं. चौधरी चरणसिंग काळजीवाहू पंतप्रधान होते आणि कांदा भडकला होता. इंदिरा गांधींनी प्रचारात तो कांदा बरोबर हातात घेतला. जानेवारी १९८० मध्ये त्यांच्या काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या.

आता ३५३ जागा काय नुसत्या कांद्यावर मिळतात? अर्थातच नाही. सरकारातल्या मारामाऱ्यांना लोक विटले होते. पण 'सत्ताधारी पक्षातले अंतर्विरोध' हे शब्द बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या तोंडी बसत नाहीत. 'कांदा बघा केवढ्याला झालाय' हे बसतं. दिल्लीत हे एकमेकांच्या झिंज्या उपटतायत आणि इकडे आमच्याकडे बघायला कुणी नाही, एवढा सगळा अर्थ त्या एका वाक्यात मावतो.

मग १९९८. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या, देशभर पेढे वाटले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्ली, राजस्थान आणि मध्य प्रदेशच्या विधानसभा निवडणुका होत्या. तोवर दिल्लीत कांदा चाळीस-पन्नास रुपये किलोच्या घरात गेला होता. १९९८ सालचे पन्नास रुपये हं! भाजपने घाईघाईने ऑक्टोबरमध्ये साहिबसिंग वर्मांना बाजूला करून सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री केलं. त्यांना जेमतेम पन्नासएक दिवस मिळाले. निकाल लागला तेव्हा दिल्लीत ७० पैकी काँग्रेस ५२, भाजप १५. आणि ज्या राजस्थानात ते पोखरण आहे, तिथे २०० पैकी १५३ जागा काँग्रेसला. दिल्लीची सत्ता परत मिळायला भाजपला फेब्रुवारी २०२५ उजाडावं लागलं.

त्या निवडणुकीने शीला दीक्षित मुख्यमंत्री झाल्या. पंधरा वर्षं टिकल्या. आणि २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, दिल्लीत कांदा ऐंशी-शंभरला भिडला. डिसेंबरमध्ये काँग्रेसला ७० पैकी ८ जागा मिळाल्या. इथेही कांदा एकटा नव्हता. राष्ट्रकुल स्पर्धांचे घोटाळे होते, लोकपालाचं आंदोलन होतं, त्यातून एक नवाकोरा पक्ष उभा राहिला होता. पण त्या दिवसांत शीला दीक्षित म्हणाल्या होत्या की कित्येक आठवड्यांनी आज भेंडीबरोबर कांदा खाल्ला. म्हणायचं असणार की मीही तुमच्यातलीच. लोकांनी ऐकलं ते वेगळंच, आणि खूप खिल्ली उडवली.

असंच डिसेंबर २०१९ मध्ये झालं. कांदा शंभरीपार होता आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन लोकसभेत म्हणाल्या की त्या कांदा-लसूण फारसं न खाणाऱ्या घरातून आल्या आहेत. खरं तर ते कुणाच्या तरी मध्येच बोलण्याला दिलेलं उत्तर होतं, आणि त्याच भाषणात सरकार काय काय करतंय याची यादीही त्यांनी दिली होती. यादी कुणाच्या लक्षात राहिली? शून्य. कांदा-लसूण मात्र सगळ्यांना पाठ.

मला यातून एक गोष्ट दिसते. भाव वाढला याचा राग असतोच, पण तो राग पचवता येतो. 'यांना पत्ताच नाही' हे पचत नाही.

आता जरा हिशोब करू, म्हणजे इंजिनियर असल्याचं समाधान मिळेल. २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन होतं ०.६४ टक्के. म्हणजे सरासरी कुटुंबाच्या शंभर रुपये खर्चात कांद्याचे चौसष्ट पैसे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो कांदा धरा. तीसचा ऐंशी झाला तरी जास्तीचे जातात अडीचशे रुपये. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात हा एका पिझ्झाचा प्रश्न आहे. मग सरकारं का पडावीत?

कारण सरासरी कुटुंब कुणी पाहिलेलं नाही. आमच्याकडे पोळ्या करायला ताई येतात. त्या कांदा पाव किलो, अर्धा किलो असा आणतात, संध्याकाळी घरी जाताना. म्हणजे महिन्यातून दहा-बारा वेळा त्या त्या भावाला सामोऱ्या जातात. आमच्या घरी ॲपवर पाच किलोची जाळी येते, महिन्यातून एकदा, दूध-ब्रेड-शॅम्पूच्या बिलात मिसळून. भाव एकच, पण मला तो महिन्यातून एकदा पुसटसा दिसतो आणि त्यांना दर दोन-तीन दिवसांनी डोळ्यांत बोट घालून. शिवाय एका घरच्या पोळ्यांचे त्यांना महिन्याला अडीच हजार मिळतात, त्यातले अडीचशे म्हणजे दहा टक्के झाले. माझ्या पगारातून दहा टक्के कुणी परस्पर कापले तर मी एचआरच्या दारात उपोषणाला बसेन.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. फ्रान्चेस्को द'अकुन्तो, उल्रिके मालमेंडियर, मायकेल वेबर वगैरे अर्थशास्त्रज्ञांचा २०२१ सालचा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या घरांच्या किराणा खरेदीवरचा. त्यात दिसलं की महागाईचा अंदाज बांधताना माणसं जी वस्तू वारंवार घेतात तिचाच भाव डोक्यात धरतात, तिच्यावर एकूण खर्च किती होतो याचा विचार करत नाहीत. आणि चढलेला भाव जितका मनात राहतो तितका उतरलेला राहत नाही. याच मंडळींच्या दुसऱ्या अभ्यासात निघालं की महागाई बायकांना पुरुषांपेक्षा जास्त वाटते ती त्या बायका आहेत म्हणून नव्हे, तर किराणा त्या आणतात म्हणून. पिशवी नवऱ्याच्या हातात दिली की त्यालाही तेवढीच वाटायला लागते. :)

आपल्या भाषेत सांगायचं तर निर्देशांक म्हणजे डॅशबोर्ड. तिथे सगळं हिरवं दिसत असतं. पण युजरच्या स्क्रीनवर रोज एरर येतोय. युजरला 'सरासरी रिस्पॉन्स टाईम छान आहे' असं सांगून बघा एकदा, काय ऐकायला मिळतं ते.

दुसरी एक गंमत (गंमत म्हणजे आपलीच). हार्वर्डच्या स्टेफनी स्टँचेवा यांनी २०२४ मध्ये 'लोकांना महागाई का आवडत नाही' यावर अमेरिकेत सर्व्हे केला. पगारवाढ झाली की ती महागाईमुळे मिळाली असं लोक मानत नाहीत, ती आपल्या कामामुळे मिळाली असं मानतात. आणि भाव वाढले की मात्र दोष सरकारचा. वाचून मला आमचा अप्रेझलचा महिना आठवला. आठ टक्के इन्क्रिमेंट मिळालं तर 'मी तो प्रोजेक्ट वेळेत काढला ना!' भाडं आठ टक्क्यांनी वाढलं तर 'या देशात काही राम राहिला नाही.' दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच आठवड्यातली. तेव्हा भावनेच्या भरात मत देणारे फक्त भाजीबाजारात असतात असं मानायचं काही कारण नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकेत जून २०२२ मध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता. २०२४ च्या शरद ऋतूपर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आला. सरकार म्हणत होतं, बघा, महागाई उतरली. माझा न्यू जर्सीतला मित्र म्हणत होता, "महागाई उतरली असेल रे, भाव कुठे उतरलेत?" दर कमी होणं म्हणजे भाव सावकाश वाढणं, भाव मागे येणं नव्हे. कोविडच्या आधीच्या मानाने किराणा पंचवीस टक्क्यांहून जास्त महागच राहिला होता. अर्थतज्ज्ञ वेग बघतात, माणूस अंडी केवढ्याला होती ते आठवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सत्ताधारी पक्ष हरला. सगळं अंड्यांमुळे नाही. पण अंडी होतीच.

इथवर सगळं गिऱ्हाइकाच्या बाजूने झालं. कांदा जर नुसता गिऱ्हाइकाचा असता तर लेख इथे संपला असता. पण माझं आजोळ निफाड तालुक्यात आहे. आता निफाड म्हटल्यावर लासलगाव आलं, आणि लासलगाव म्हटल्यावर कांद्याचा भाव जिथे ठरतो ती जागा आली.

मामांची अडीच एकर शेती आहे. दर मे महिन्यात ते दोन्ही बहिणींकडे, म्हणजे आमच्या आईकडे आणि डोंबिवलीच्या मावशीकडे, उन्हाळ कांद्याची एकेक गोणी पाठवतात. आमचा 'आजोळ' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि नातवंडांचे फोटो. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मावशीने बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "चला, आता तरी स्वस्त होईल." चार-पाच अंगठे पडले. मामांनी दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी एक फोटो टाकला. लिलाव बंद पडलेल्या मार्केटचा, रिकाम्या ओट्यांचा. त्याला कुणी अंगठा दिला नाही.

मी फोन केला.

"काय मामा, चाळीत शिल्लक आहे का काही?"

"चाळ कधीच रिकामी झाली बाबा. आता लाल निघाला होता. माल काढला आणि यांनी दरवाजा लावून घेतला."

"पण मामा, इकडे साठच्या वर गेला होता ना…"

"तुझ्याकडं साठ. मला किती मिळाले विचारलं का कधी कुणी?" मग थोडं थांबून म्हणाले, "पाऊस नाही पडला, गारपीट झाली, तर आपण देवाला काही म्हणत नाही. पण हा दरवाजा कुठल्या देवानं लावला, ते सांग."

त्या दोन-तीन आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्याच्या आसपास उतरला.

मामांचा प्रश्न बरोबर होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ सालच्या एका शोधनिबंधात हिशोब आहे की ग्राहक कांद्यासाठी एक रुपया देतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात साधारण ३६ पैसे पडतात. बाकीचे हमाली, तोलाई, वाहतूक, घट, अडत, दुकानदार. आणि भाव पडतो तेव्हा हे बाकीचे खर्च पडत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरला विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. सगळे खर्च वजा जाता त्याच्या वाट्याला उरले २ रुपये ४९ पैसे. आकडा परत वाचा. २०१८ च्या शेवटी निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे मिळालेले १,०६४ रुपये सरळ पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते.

आता यात निवडणुकीचं कॅलेंडर आणि कांद्याचं कॅलेंडर शेजारी-शेजारी ठेवून बघा. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. तो टिकाऊ, म्हणून शेतकरी चाळीत भरतो आणि पाऊसकाळभर थोडा थोडा विकतो. सप्टेंबरनंतर चाळी रिकाम्या व्हायला लागतात, उरलेल्याला कोंब येतात, काही सडतो. खरिपाचा लाल कांदा तेव्हा शेतात असतो. परतीच्या पावसाने तो झोडपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खड्डा पडतो आणि भाव आभाळाला. राजस्थान-मध्य प्रदेशच्या निवडणुका कधी? नोव्हेंबर-डिसेंबर. दिल्लीच्याही २०१३ पर्यंत तेव्हाच. महाराष्ट्र विधानसभा २०१९ मध्ये ऑक्टोबर, २०२४ मध्ये नोव्हेंबर. आणि २००४ पासून लोकसभा? एप्रिल-मे. तेव्हा नवा माल ट्रॅक्टर भरभरून मार्केटला येत असतो आणि भाव तळाला असतो. म्हणजे ढोबळ मानाने, विधानसभेला गिऱ्हाईक चिडलेलं असतं आणि लोकसभेला शेतकरी. कुठल्याही सरकारने कांद्याचं काही केलं, तरी दोघांपैकी एक जण मतदान केंद्राबाहेर रागावून उभा असणारच.

सरकारं काय करतात? जो जास्त संख्येने आहे आणि ज्याचा आवाज टीव्हीवर लवकर पोचतो, त्याला शांत करतात. त्यासाठी सगळ्यात सोपं बटण म्हणजे निर्यात. २०१० मध्ये दाबलं, २०१९ मध्ये दाबलं, २०२० मध्ये दाबलं. यात पक्षाचा प्रश्न नाही, प्रत्येकाने दाबलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये आधी ४० टक्के निर्यात शुल्क, मग ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, मग डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी. मार्चअखेर उठणार होती, ती वाढली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टन निर्यातीची परवानगी मिळाली तेव्हा नाशिककडे लोक खवळले. शेवटी ४ मे २०२४ ला बंदी उठली, शुल्क मात्र राहिलं. मतदान २० मेला होतं.

त्याआधी पाच दिवस, १५ मेला, पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एका तरुणाने आवाज दिला, "कांद्यावर बोला!" या लेखाचं नाव तिथून घेतलंय. मला ते दोन शब्द फार नेमके वाटतात. 'भाव द्या' नाही, 'अनुदान द्या' नाही. बोला. आमचं जे चाललंय ते तुम्हाला माहीत आहे, एवढं तरी आम्हाला कळू दे.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, भास्कर भगरे नावाचे एक शिक्षक निवडून आले. नाशिकची जागाही गेली. राज्यात महायुतीला ४८ पैकी १७. आरक्षणाचा प्रश्न होता, फुटलेल्या पक्षांबद्दलचा राग होता, संविधानाची चर्चा होती. पण कांद्याने फटका दिला हे खुद्द अजित पवारांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. आमच्या मामांनी आयुष्यभर एकाच चिन्हाला मत दिलं होतं. या वेळी दिलं नाही. मावशीने मात्र त्याच चिन्हाच्या युतीला दिलं. एका आईच्या पोटची दोन मुलं, एकच कांदा.

हा हिशोब आता नीट जुळला असं वाटत असतानाच नोव्हेंबर २०२४ आला. बंदी गेलेली, किमान निर्यातमूल्य गेलेलं, पावसाने लाल कांदा लांबलेला. पुण्यात कांदा साठ-सत्तरच्या पुढे. खाद्यतेलाचं आयात शुल्क सरकारने सप्टेंबरमध्ये वाढवलं होतं, सोयाबीनवाल्यांचा राग शमवायला, त्यामुळे ऐन दिवाळीत तेलही महाग. म्हणजे १९९८ च्या नियमाने सरकार जायला हवं. पण महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा! आणि नाशिक जिल्ह्यात, सहा महिन्यांपूर्वी जिथे कांदा झोंबला होता तिथे, १५ पैकी १४.

मी ताईंना विचारलं, "ताई, कांदा-तेल एवढं महाग झालंय, तरी?"

"दादा, महाग तर सगळ्यांच्याच राज्यात होतं," त्या पोळी उलटत म्हणाल्या. "पण माझ्या नावानं माझ्या खात्यात कुणी टाकले होते का आजपर्यंत?"

लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार. कांद्याच्या अडीचशेपुढे गणित सरळ आहे. पण त्यांच्या वाक्यात गणितापेक्षा 'माझ्या नावानं' हे शब्द मला जास्त ऐकू आले. आणि मामांकडे? त्या महिन्यात लासलगावला क्विंटलला चार हजारांच्या पुढे भाव होता. ताईंच्या महाग कांद्याने मामा खूश होते. यावेळी ग्रुपवर मावशी गप्प होती.

थोडक्यात काय, तर कांदा हे कारण नसतं, ती खूण असते. सरकार जे जे करतं त्यातलं बहुतेक आपल्याला दुसऱ्याकडून कळतं. परराष्ट्र धोरण टीव्ही सांगतो, जीडीपी पेपर सांगतो. कांद्याचा भाव कुणी सांगावा लागत नाही. तो आपण स्वतः मोजतो, स्वतःच्या पैशाने. म्हणून त्याच्यावर लोकांचा विश्वास असतो, आणि म्हणून त्याच्यावरून ते बाकीच्याचा अंदाज बांधतात. चार शितांवरून भाताची परीक्षा म्हणतात ते हेच. यात अडाणीपणा कुठे आला? हातात असलेल्या एकमेव खात्रीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं, याला आपल्याकडे तर डेटा-ड्रिव्हन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे देतात.

त्या आकड्यात खोट एवढीच आहे की तो अर्धाच दिसतो. गिऱ्हाइकाला दुकानातला भाव दिसतो, मार्केटमधला दिसत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाचा महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. त्या मालिकेतला सगळ्यात कमी आकडा. भाज्या आदल्या वर्षीपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त स्वस्त. तुम्हाला आठवतोय तो महिना? कुणी पेढे वाटले? ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "हो का? असेल." स्वस्ताईचं श्रेय कुणी कुणाला देत नाही, हे वरच्या अभ्यासात होतंच. पण त्या ०.२५ च्या आत मामांची चाळ होती. मे महिन्यात भरलेला माल त्यांनी दिवाळीच्या तोंडावर किलोला दहा-बारा रुपयांनी काढला. ज्या आकड्याला आपण 'महागाई आटोक्यात' म्हणतो, त्याला निफाडमध्ये वेगळं नाव आहे.

म्हणून मला वाटतं, कांद्यावर मत जरूर द्यावं. फक्त मत मागायला जो कोणी दारात येईल त्याला 'भाव कधी उतरवणार' एवढंच विचारून सोडू नये. 'उतरवलात तर ते पैसे कुणाच्या खिशातून काढणार' हेही विचारावं. निर्यातीचा निर्णय पेरणीच्या आधी सांगता येईल का, रात्रीतून दरवाजा लावणं थांबेल का, साठवणुकीचं काय, हे विचारावं. अडीचशे रुपये जास्त गेले तर आपल्या घरात काहीच बिघडत नाही. ताईंच्या घरात बिघडतं, तर त्यांच्या खात्यात ते टाकावेत, मामांच्या चाळीतून काढू नयेत. हे उत्तर सोपं नाही, त्याला पैसे लागतात, आणि ते आपल्याच करातून जाणार. तेव्हा कँटीनच्या टेबलावर काय चर्चा होते ते मला ऐकायचंय.

असो. बरंच लांबलं. या मेमध्ये आलेल्या गोणीतले दहा किलो मी ताईंना दिले आणि मामांना पैसे पाठवले, तर मामा रागावले. "बहिणीच्या घरी पाठवलेल्याचे पैसे घेतो का मी? एवढं वाटतं तर मत देताना आठवण ठेव."

ठेवतो म्हटलंय.